आभाळाला टाकलेला आकडा

आजच्या भागात कोर्ट आहे, पोलीस आहेत, उपग्रह आहे आणि माझा मामा आहे. सुरुवात मामापासूनच करू.

मी साताऱ्याचा. मामाचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. सुट्टी लागली की आई आम्हाला एसटीत घालायची. कराड गेलं, पेठ नाका आला, की पोटात गुदगुल्या सुरू. आंबे, विहीर, ऊस हे सगळं होतंच, पण माझं खरं आकर्षण वेगळं होतं. माझा मामा केबलवाला होता. अख्ख्या गावात काय दिसणार हे आमच्या माडीवरच्या दहा बाय दहाच्या खोलीत ठरायचं. पोरांमध्ये आपला भाव काय असेल, विचार करा.

साल २००८ च्या आसपासचं. दुपारची वेळ. आजी मालिका बघत होती. अचानक पडद्यावर, अगदी हिरॉईनच्या गालावर, एक लांबलचक आकडा उमटला. काही सेकंद थांबला आणि गेला. आजी म्हणाली, "ह्यो काय रं, लाटरीचा नंबर?" आम्ही सगळे हसलो. मामा हसला नाही.

त्याच आठवड्यात स्टँडवरच्या हॉटेलात एक अनोळखी माणूस आला होता. लागोपाठ तीन चहा घेतले. नजर टीव्हीवर. तो आकडा परत उमटला तसा त्याने खिशातून मोबाइल काढला आणि टीव्हीचा फोटो घेतला. टीव्हीचा फोटो कोण काढतं? पण मामा तिथेच पानटपरीवर उभा होता आणि त्याने ते पाहिलं. साधारण तीन आठवड्यांनी गावात पोलिसांची जीप आली. माडीवरचं सामान खाली आलं, पंचनामा झाला, आणि संध्याकाळी गावातले सगळे टीव्ही मुंग्या दाखवायला लागले.

त्या संध्याकाळी मला एवढंच कळलं, की मामाने काहीतरी चोरलंय. पण काय, ते कळेना. घरातून कुणाचं काही गेलं नव्हतं. आज मी तोच प्रश्न घेऊन बसलोय. आभाळातून पडणारा सिग्नल चोरला, म्हणजे नक्की काय चोरलं?

छत्री आली गावात

जरा मागे जाऊ. जानेवारी १९९१. आखाती युद्ध सुरू झालं आणि सीएनएनने ते थेट दाखवलं. दूरदर्शनवर वाढलेल्या देशाने पहिल्यांदा पाहिलं, की डिश लावली तर बाहेरचं जग सरळ घरात येतं. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, एशियासॅट-१ या उपग्रहावरून. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९९२ ला, झी टीव्ही आला.

सुरुवातीला या वाहिन्यांना कुलूप नव्हतं. मोठी डिश असेल त्याने सिग्नल घ्यावा. आमच्याकडे त्या डिशला छत्री म्हणायचे. ती एकट्याला परवडणारी नव्हती, म्हणून मग एकाने छत्री लावायची आणि वायर ओढून शंभर घरांना द्यायचं, असा धंदा उभा राहिला. माझा मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करायचा. त्याने १९९४ मध्ये कुणाची तरी जुनी छत्री घेतली. विजेचे खांब, नारळाची झाडं, देवळाचा कळस सोडून बाकी जे उंच सापडेल त्यावरून वायर टाकली. कुणाची परवानगी? "वायर वढताना कुनी इचारलंच न्हाय," असं तो आजही सांगतो.

आणि हे खरंही आहे. वाहिनी परदेशात, उपग्रह अवकाशात, आणि इथे शेवटचा मैल मामासारख्यांनी स्वतःच्या खिशातून बांधला. सरकारने नाही, कंपन्यांनीही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चोरी कशाची?

आपल्या भागात आकडा म्हटलं की पहिलं आठवतं ते विजेच्या तारेवर टाकलेलं हूक. आकडा टाकून मोटर चालवली की कुणाची तरी वीज जाते, ट्रान्सफॉर्मरवर लोड येतो, शेजाऱ्याचा बल्ब पिवळा पडतो. सिग्नलचं तसं नाही. मामाने घेतला म्हणून साताऱ्यातल्या माझ्या घरचा सिग्नल कमी झाला नाही. मग नुकसान कुणाचं?

याचं पहिलं मोठं उत्तर आपल्याच राज्यात मिळालं, आणि तेही छत्र्या यायच्या आधी. ऐंशीच्या दशकात मुंबईत केबल होती, पण ती व्हीसीआरची. खाली एका खोलीत कॅसेट लावायची आणि वायरमधून सगळ्या फ्लॅटमध्ये सिनेमा. चित्रपटांचे हक्क असलेले लोक कोर्टात गेले. गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक हा तो खटला. केबलवाल्यांचा बचाव साधा होता. लोक आपापल्या घरात बसून बघतायत, हे काय थिएटर आहे का?

१९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी निर्णय दिला. माणूस घरात बसला असला तरी पैसे भरून एकाच वायरला जोडलेली ही सगळी घरं मिळून प्रेक्षकवर्गच होतो. त्यांना सिनेमा दाखवणं म्हणजे जनतेला दाखवणं, आणि त्यासाठी मालकाची परवानगी हवी. थोडक्यात, कोर्टाने बघणाऱ्याकडे बोट दाखवलं नाही. पैसे घेऊन दाखवणाऱ्याकडे दाखवलं. आजच्या भागातली बहुतेक प्रकरणं याच एका फरकावर उभी आहेत.

आता मामाचा आवडता युक्तिवाद. पोलीस आले तेव्हाही तो हेच म्हणत होता, "आभाळ काय कुनाच्या बापाचं हाय व्हय?" गंमत म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने यातला अर्धा भाग मान्य केला आहे. क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालचा खटला, ९ फेब्रुवारी १९९५. मॅचच्या प्रक्षेपणावरून सरकार आणि क्रिकेट संघटनेचं भांडण होतं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात स्पष्ट म्हटलं आहे, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे आभाळ खरंच कुणाच्या बापाचं नाही! पण लहर सार्वजनिक असली म्हणून लहरीवरून आलेला कार्यक्रम सार्वजनिक होत नाही. रस्ता सगळ्यांचा, पण रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरमधला ऊस ज्याचा त्याचाच. कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ हेच सांगतं. प्रक्षेपण करणाऱ्याला त्या प्रक्षेपणावर स्वतःचा हक्क असतो, तो २५ वर्षं टिकतो, आणि परवानगीशिवाय ते पुढे प्रक्षेपित करणं किंवा पैसे घेऊन लोकांना दाखवणं हे त्या हक्काचं उल्लंघन आहे.

पोस्टात नोंदणी, प्रांताकडे अधिकार

पण मग पहिली काही वर्षं कायदा कुठे होता? होता, पण १८८५ चा. इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्ट. राजस्थानात जिल्हा प्रशासनाने केबल बंद करायला लावली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की केबलचं जाळं या जुन्या तारायंत्राच्या कायद्यातच मोडतं, त्यामुळे परवाना लागेल. घोड्यावरून डाक जायच्या काळातला कायदा आणि त्यात स्टार टीव्ही!

शेवटी २९ सप्टेंबर १९९४ ला केंद्राने अध्यादेश काढला आणि १९९५ मध्ये त्याचा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा झाला. नोंदणी सक्तीची. आणि नोंदणी कुठे? मुख्य पोस्ट ऑफिसात! तेव्हा पोस्टमास्तर साहेब हे केबलचे नोंदणी अधिकारी होते. बेकायदा यंत्रसामग्री जप्त करायचा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त यांना. सातारा आणि सांगली दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही, अधीक्षक आहेत. म्हणजे आपल्याकडे हा अधिकार कलेक्टर आणि प्रांतांकडे. ऊस दराच्या आंदोलनापासून पूर-दुष्काळापर्यंत सगळं बघणाऱ्या प्रांतांनी छत्र्याही बघायच्या.

आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! मामाची एका दिवसाची वसुली त्याहून जास्त असायची.

नव्वदच्या मध्यानंतर वाहिन्यांना कुलपं लागली. पे चॅनल. आता प्रत्येक वाहिनीचा डिकोडर आणि कार्ड घ्यायचं आणि घरांच्या संख्येप्रमाणे महिन्याला पैसे द्यायचे. पण घरं मोजणार कोण? वायर तर मुकी. केबलवाला सांगेल तो आकडा खरा. घरं चारशे असली तरी सांगायची ऐंशी, असा कारभार. दुसरीकडे तहसीलचा करमणूक कर निरीक्षकही तीच घरं मोजायला यायचा, त्याला तिसराच आकडा. या धंद्यात सगळेच जण आकडा लपवत होते. कंपन्यांनाही हे माहीत होतं, म्हणून त्या दर वाढवून मागायच्या. दर वाढला की केबलवाला आणखी घरं लपवायचा.

नाव नसलेला आरोपी

जून २००२. जपान आणि कोरियात फुटबॉलचा वर्ल्ड कप. भारतातले हक्क टेन स्पोर्ट्सकडे. कितीतरी केबलवाले पैसे न भरता मॅच दाखवत होते. आता कंपनीची अडचण बघा. खटला भरायचा तर आरोपीचं नाव लागतं. देशभरातल्या गल्लीबोळातल्या केबलवाल्यांची नावं कुठून आणायची? आणि रीतसर शोधत बसलं तर तोवर फायनल होऊन जायची.

दिल्ली उच्च न्यायालयात ताज टेलिव्हिजन विरुद्ध राजन मंडल या खटल्यात एक वेगळाच आदेश निघाला. ठराविक आरोपींसोबत अनोळखी आरोपींविरुद्धही मनाई. परदेशात याला जॉन डो आदेश म्हणतात. आपल्याकडे पुढे त्याला नाव पडलं अशोक कुमार आदेश. न्यायालयाने कमिशनर नेमले, जे केबलवाल्याच्या खोलीत जाऊन फोटो आणि चित्रीकरण करून पुरावा गोळा करू शकत होते. म्हणजे आधी आदेश, मग आरोपी!

कंपन्यांच्या दृष्टीने हे फार मोठं हत्यार होतं. आजही नवा सिनेमा यायच्या आधी निर्माते असे आदेश मिळवतात. पण या नावातच सगळी गोष्ट आली आहे. ज्याला नाव नाही असा माणूस. कंपनीला तो दिसत नव्हता, सरकारला दिसत नव्हता, फक्त वायर तेवढी दिसत होती.

आपल्या राज्याने तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. एमपीडीए तुम्ही बातम्यांमध्ये ऐकलं असेल, अमुक गुंडावर एमपीडीएखाली कारवाई, म्हणजे खटला चालण्याआधीच स्थानबद्धता. १९८१ चा हा कायदा झोपडपट्टीगुंड आणि हातभट्टीवाल्यांसाठी होता. २००९ मध्ये त्यात एक नवी जात आली, व्हिडिओ पायरेट. हातभट्टी आणि पायरेटेड सिनेमा एका रांगेत!

मामाने काय केलं होतं

आता मामाकडे परत येऊ. २००६-०७ नंतर डीटीएच गावागावात आलं. घरगुती वापराचं एक कनेक्शन काही शे रुपयांत. मामाने अशी सात कनेक्शनं घेतली, नातेवाइकांच्या नावावर. एकात माझ्या आजीचंही नाव होतं, तिला पत्ताच नव्हता. प्रत्येक बॉक्सवर एक वाहिनी लावायची, तिचा सिग्नल मॉड्युलेटरमधून केबलमध्ये सोडायचा आणि दोनशेच्या वर घरांना द्यायचा. पे चॅनलचा करार नाही, घरं मोजायची भानगड नाही. कनेक्शन सात, महिन्याला वसुली दोनशे घरांची. शिवाय रात्री मामाच्या स्वतःच्या चॅनलवर नवा सिनेमा, सीडी कुठूनतरी आलेली.

आणि तो पडद्यावरचा आकडा? तो त्या बॉक्सचा नंबर होता. कंपनी मध्येच सिग्नलमधून आदेश पाठवते आणि प्रत्येक बॉक्स आपापला नंबर पडद्यावर दाखवतो. घरात असेल तर ठीक. पण तोच एक नंबर हॉटेलात, सलूनमध्ये, शेजारच्या गल्लीत एकाच वेळी दिसला, की समजायचं एका बॉक्सवरून सगळं गाव चाललंय. म्हणून तर तो माणूस टीव्हीचा फोटो काढत होता. आयुष्यभर आकडा लपवणाऱ्या मामाला शेवटी आकड्यानेच पकडून दिलं.

गुन्हा लागला तो कॉपीराइट कायद्याखाली. तिथे हजार रुपयांचा खेळ नाही. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. फौजदाराला वॉरंटशिवाय मुद्देमाल जप्त करता येतो. मामा सुटला जामिनावर, पण तारखा सुरू झाल्या. दर तारखेला एक दिवस, एक वकील.

मला मात्र आठवतं ते जप्तीनंतरचं. दिवाळीत वर्षाचे पैसे आगाऊ भरलेली घरं होती. त्यात एक म्हातारी होती, एकटी राहायची, तिचा सगळा दिवस टीव्हीसोबत जायचा. ती रोज यायची आणि अंगणात उभी राहायची. भांडायची नाही. नुसतं विचारायची, "आज लागंल का?" मामीने शेवटी पाटल्या गहाण टाकून लोकांचे पैसे परत केले. त्या म्हातारीने काय चोरलं होतं? तिने तर रीतसर पैसे भरले होते.

बॉक्स आला

यावर सरकारने उत्तर काढलं ते पोलिसांचं नव्हतं, यंत्राचं होतं. २०११ च्या दुरुस्तीने केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. घरोघरी सेट टॉप बॉक्स, प्रत्येक बॉक्सला नंबर, म्हणजे मुकी वायर बोलायला लागली. आधी मुंबई-दिल्लीसारखी महानगरं, मग पुणे-सोलापूरसारखी मोठी शहरं. सातारा, सांगली, कराड ही शहरं तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत. खेडी चौथ्या टप्प्यात. मुदती लांबत गेल्या आणि गावांसाठी शेवटची तारीख ठरली ३१ मार्च २०१७. करमणूक कर त्याच वर्षी जीएसटीत विरला आणि घरं मोजणारे निरीक्षकही गेले.

लपवाछपवी कमी झाली, पण छोटा केबलवालाही संपत गेला. स्वतःची कंट्रोल रूम चालवणं परवडेना, मोठ्या कंपन्यांकडून सिग्नल घ्यायचा आणि वसुली करायची. ज्यांनी शेवटचा मैल बांधला, ते त्याच मैलावर कमिशन एजंट झाले. हे सगळं कायदेशीर आहे. न्याय्य आहे का, यावर तुम्ही विचार करा.

आता तुमच्या फोनबद्दल

तुम्ही म्हणाल, छत्री गेली, वायर गेली, आम्हाला काय त्याचं? तर ऐका. "महिना शंभर रुपयांत सगळे चॅनल, सगळे ओटीटी" अशी जाहिरात तुमच्या ग्रुपवर आली असेलच. तो माणूस म्हणजे माझा मामाच. फक्त त्याची माडी सर्व्हरवर आहे. मध्यंतरी एका खऱ्या कार्डाची चावी इंटरनेटवरून शेकडो बॉक्सना वाटण्याचा धंदाही जोरात होता. तंत्र नवं, पण पुन्हा तेच, कनेक्शन एक आणि वसुली दोनशेंची.

कायदाही मागे मागे धावतोच आहे. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा आदेश दिला, की पायरसीची साइट बंद केल्यावर ती नाव बदलून आली तर पुन्हा नवा खटला भरायची गरज नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात सांगितलं, की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मामाला जामीन सहज मिळाला होता, आज तसं होईलच असं नाही. आणि २०२३ मध्ये उलटही घडलं. जनविश्वास कायद्याने केबल कायद्यातली कैदेची शिक्षा काढून टाकली. त्याच वर्षी सिनेमाच्या चोरट्या चित्रीकरणाला मात्र तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड आला.

नुकसान कुणाचं, या प्रश्नाचं उत्तरही आता लांब जाऊन शोधायला नको. एप्रिल २०१६ मध्ये 'सैराट' आला. आपल्याच बाजूच्या मातीतला, करमाळ्याच्या परिसरातला सिनेमा. काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत मोबाइलवरून मोबाइलवर फिरली. तो एवढा मोठा चालला, की त्यातूनही तरला. पण प्रत्येक मराठी सिनेमा 'सैराट' नसतो. ज्याला दोनच आठवडे थिएटर मिळतं, त्याची प्रत पहिल्याच रविवारी फिरली तर त्याच्या निर्मात्याचा दुसरा सिनेमा येत नाही. सिग्नल कमी होत नाही, पण पुढचा सिनेमा कमी होतो.

मागच्या दिवाळीत मी मामाला सरळ विचारलं. आता तो एका कंपनीची वसुली करतो आणि गावात फायबरचं इंटरनेट देतो. "मामा, खरं सांगा, ती चोरी होती का?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पयल्यांदा छत्री लावली तवा न्हाय वाटलं. पर त्या मानसानं नंबराचा फोटू काढला, तवा मला घाम फुटला व्हता. चोरी नसती तर घाम कशाला फुटला आसता?"

मामी आतून म्हणाली, "पाटल्या अजून आल्या न्हाईत म्हनावं."

तुमच्या गावच्या केबलवाल्याची अशी काही गोष्ट असेल तर नक्की कळवा. नाव लिहू नका, गोष्ट लिहा. भेटू पुढच्या भागात.